अकरा टेलकोट, मागून नेहमीसारखे

नववीत इंग्रजीत नापास झालेल्या माणसाने परग्रहाच्या भानगडीत पडू नये.

मी पडलो. त्यात मी ज्या शाळेत नापास झालो तिथे इंग्रजी शिकवायला माझे वडीलच होते. त्यामुळे ती बातमी मला घरी सांगावीच लागली नाही, ती माझ्याआधीच बाबांच्या सायकलवर बसून घरी पोचली होती. पुढे मी शाळेत गेलो नाही आणि बाबांनीही जा म्हटलं नाही. अमरावतीहून मला अकोल्याला वसंतामामांच्या दुकानात पाठवण्यात आलं. वसंतामामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, धंद्याने टेलर. त्यांनी मला कात्री धरायला शिकवलं, काज करायला शिकवलं, सहा वर्षं जेवू घातलं, आणि माझ्या निकालाबद्दल एकदाच बोलले, "इंग्रजी गेलं त जाऊ दे. कापडाले कोनती भाषा येते?"

त्या एका वाक्याच्या जोरावर मी आज मुंबईत मालिकांच्या कपडेपटात काम करतो. आमच्या कपडेपटाच्या प्रमुख शर्वरीताई, पुण्याच्या. मला कामावर घेताना त्यांनी मार्कशीट मागितली नाही. एक काज करायला सांगितलं. मी केलं. त्यांनी ते उजेडाकडे धरून बघितलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून ये." या बाईंसाठी वेळ आली तर जीव द्यायचा, असं मी त्या दिवशी ठरवलं. वेळ आली तेव्हा मी जवळजवळ त्यांचाच घेतला.

मालिका अंतराळातली होती. दीडशे वर्षांपूर्वी एक इंग्रज जहाजासकट एका ग्रहावर जाऊन पडतो. (कसा, ते विचारायची सोय नव्हती. मी विचारलं तर 'वादळ' असं उत्तर मिळालं.) तिथले लोक त्याला देव मानतात. त्याच्या अंगावर टेलकोट असतो (पुढून कमरेपर्यंत आखूड, मागे कापडाच्या दोन लांब पाळ्या), म्हणून पुढे दीडशे वर्षं त्या ग्रहावरचे पंच टेलकोटच घालतात. पंच अकरा, म्हणून कोट अकरा.

ग्रहासाठी जागा मिळाली ती अमरावतीबाहेरची. मे महिना, नांगरून पडलेलं काळं रान, हातभर खोल भेगा, लांबवर झाड नाही. दिग्दर्शक सर फोटो बघून म्हणाले, "अप्रतिम. हे पृथ्वीवरचं वाटतच नाही." माझ्या गावाबद्दल असं ऐकून मला राग यायला हवा होता. मी म्हणालो, "थँक्यू सर."

कोट मात्र मुंबईत कोणी वेळेत शिवून देईना. लग्नसराई होती, टेलर लोक फोन उचलत नव्हते. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "ताई, माझे मामा शिवतील. अकोल्याला असतात, शूटिंगच्या जागेपासून दोन-अडीच तास."

"त्यांनी टेलकोट शिवलेत कधी?"

"मामांनी काय नाही शिवलं, ताई."

हे खोटं नव्हतं. शाळांची गॅदरिंगं, नाटकं, रामलीला, मिरवणुकीतले देखावे, सगळ्यांचे कपडे मामांकडे. अकोल्यात कोणाला राक्षस व्हायचं असलं तरी आधी मामांकडे माप द्यावं लागतं.

ताई म्हणाल्या, "तुझ्या भरवशावर देते, गजानन. सर आधीच माझ्यावर चिडलेत. कोटांत घोळ झाला तर मला काढतील. समजलं ना?"

"समजलं ताई," मी म्हणालो. (पहिला घाम इथे फुटला. तो अजून पुरता वाळलेला नाही.)

ताईंनी कोटाचं चित्र दिलं. ते फक्त पुढून काढलेलं होतं. मागची बाजू काढायला चित्रकाराला वेळ नव्हता, म्हणून त्याने खाली पेनाने लिहून टाकलं होतं : मागून नेहमीसारखं.

मी चित्राचा फोटो मामांना पाठवला आणि मग फोन लावला. तो फोन मला शब्दन् शब्द पाठ आहे. नववीच्या कविता अशा पाठ झाल्या असत्या तर ही वेळच आली नसती.

"मामा, फोटो पाह्यला का?"

"पायला ना. समोरून आखूड हाय रे. पोट उघडं पडते."

"तसाच असते तो. त्याले टेलकोट म्हणतात."

"तेलकोट?"

"टेल, मामा, टेल. टेल म्हणजे शेपटी." (एवढं इंग्रजी मला येत होतं, आणि सांगताना छाती फुगली होती.)

"शेपटीचा कोट," मामा सावकाश म्हणाले.

"हो. मागून शेपटी. नेहमीसारखी."

"नेहमीची मले येते. किती लांब?"

"गुडघ्यापर्यंत."

"बरं. एक-एक ना?"

"नाही मामा, एका कोटाले दोन."

"दोन?"

"दोन. चित्रात दिसत नाहीत, पण दोनच असतात. मधून फट."

 मग मामांनी विचारलं, "घालनार कोन हायेत हे कोट?"

"दुसऱ्या ग्रहावरचे लोक."

"मंग असतीन बावा त्याइले दोन."

"अन् मामा, लोंबल्या नाही पाहिजेत. सर म्हणतात, कडक पाहिजे, रुबाब दिसला पाहिजे."

"माही शेपटी आजवर कधी लोंबली का?" मामा म्हणाले.

या वाक्यावर कोणीही शहाणा माणूस थांबला असता. त्याने विचार केला असता, की मामांची नेहमीची शेपटी म्हणजे कोणती? त्या दुकानात सहा वर्षं काढलेल्या माणसाने तर करायलाच हवा होता. मी म्हणालो, "तुमच्यावर सोडलं, मामा," आणि फोन ठेवला. त्या रात्री मला शांत झोप लागली. कोट पाहिल्यानंतर आठ दिवस लागली नाही.

नंतर कळलं की शंका मामांनाही आली होती. त्यांनी अमरावतीला बाबांना फोन केला. घरात इंग्रजीचा मास्तर असताना अडाणीपणा कशाला, असा त्यांचा विचार.

"भाऊजी, टेल म्हंजे काय?"

"स्पेलिंग सांग," बाबा म्हणाले. "टी ए एल ई असेल तर गोष्ट. टी ए आय एल असेल तर शेपूट."

"कोटाची हाय."

"मग शेपूटच. गोष्टीचा कोट होत नाही."

म्हणजे या सगळ्या प्रकरणात इंग्रजी कोणाचंच चुकलेलं नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं.

शूटिंगच्या आदल्या दिवशी सकाळी मी अकोल्याला मामांच्या दुकानात पोचलो. अकरा कोट ओळीने टांगलेले होते, तोंड माझ्याकडे करून. काय सांगू! कॉलरला काळं साटीन, खांदा असा बसलेला की आत माणूस नसताना ऐट दिसावी, काजं अशी की ताईंनी उजेडाकडे धरून बघत बसावं. माझे डोळे भरून आले.

"मामा, तुमी देव हा," मी म्हणालो.

"थांब ना. मांगून त पाय," मामा म्हणाले आणि त्यांनी एक हँगर फिरवला.

कोटाच्या कमरेतून दोन शेपट्या बाहेर आलेल्या होत्या. मनगटाएवढ्या जाड, काळ्या कापडाच्या, गुडघ्यापर्यंत उतरून पुन्हा दिमाखात वर वळलेल्या, आणि टोकाला लोकरीचा तपकिरी गोंडा. आत तार होती. हँगर फिरला तशा दोन्ही थरथरल्या आणि उजव्या शेपटीने टेबलावरची कात्री खाली पाडली.

"कडक हायेत का नाई?" मामांनी विचारलं.

मी वाकून कात्री उचलली.

मामी आतून पाणी घेऊन आल्या. "बावीस शेपट्या भरता भरता माही बोटं गेली पाय. एकेकीत पावशेर कापूस हाय. म्हटलं, पोराचं मुंबईचं काम हाय, कमी नाई पडला पायजे."

"हनुमंताले एकच असते त सांभाळता सांभाळता जीव जाते," मामा एक शेपटी कुरवाळत म्हणाले. "हे दोनवाले लोक झोपत कसे असतीन रे?"

सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? माझ्या समोर तो माणूस उभा होता ज्याने मला एका शब्दाने कधी दुखवलं नाही. आणि त्याने चूक केली असती तर गोष्ट वेगळी. त्याने मी सांगितलं तेच शिवलं होतं, जसंच्या तसं! मी कसाबसा म्हणालो, "मामा, जराशा लांब झाल्या का?"

मामांनी गळ्यातली टेप काढून माझ्या हातात दिली. "गुडघ्यापर्यंत म्हनला होता तू. मोज."

मी मोजल्या. बरोबर होत्या.

दोन चादरींत गाठोडी बांधून मी अमरावतीची बस पकडली. तारेच्या शेपट्या चादरीत राहीनात. एक दाबली की दुसरी वर यायची. कंडक्टर जवळ येऊन उभा राहिला.

"हे काय हाय?"

"कोट."

"कोटाले शेपट्या काहून?"

"टेलकोट हायेत."

त्याने जरा विचार केला. "सामानात धरू का जनावरात?"

मागच्या सीटवरचे एक आजोबा मूर्तिजापूरपर्यंत गोंड्याकडे टक लावून बघत होते. उतरताना त्यांनी एका शेपटीला हात लावून तो कपाळाला लावला आणि काही न बोलता गेले. मला रडावंसं वाटलं.

घरी आईने दार उघडलं, गाठोड्याकडे बघितलं आणि बाबांना हाक मारली. बाबांनी चष्मा चढवून एक कोट पुढून पाहिला, मागून पाहिला.

"दोन कशाला?" त्यांनी विचारलं.

"टेलकोटाला दोन असतात, बाबा."

"टेलकोट?" बाबांनी चष्मा काढला. "तू त्याला टेलकोट सांगितला होतास? अरे, तो एक शब्द आहे! वसंताने मला नुसतं टेल विचारलं. सुटा शब्द विचारला, सुट्या शब्दाचा अर्थ सांगितला. म्हणून मी वर्गात ओरडायचो, वाक्यात उपयोग करून दाखवा."

"आता ते शिकवू नका," आई म्हणाली. "पोराची नोकरी जाऊन राहिली."

"माझी गेली तर जाऊ दे," मी म्हणालो. "ताईंची जाईल."

आईने ब्लेड घेतलं. ठरलं असं, की शेपट्या उसवायच्या आणि नुसता आखूड कोट ठेवायचा. शेपटी उघडून, इस्त्री करून तिचा टेल होईल का, हेही मी बघून ठेवलं होतं. फार तर टाय झाला असता. पण मामांच्या शिलाईचा मला विसर पडला होता. मिरवणुकीत पोरं हनुमंताची शेपटी धरून ओढतात, म्हणून मामा शेपटीला कायम तिहेरी टीप मारतात आणि वर हाताने टाके घालतात. आई तासभर एकाच शेपटीशी झगडत होती. शेवटी ती वैतागून म्हणाली, "तू कोट धर, मी ओढते."

शेपट्या निघाल्या. सोबत कोटाची पाठही आली. मागे ताटलीएवढं भगदाड पडलं आणि त्यातून मला बाबा दिसत होते.

"बाकीचे दहा राहू द्या," बाबा म्हणाले. ते उठले, कोपऱ्यातली आपली काळी छत्री घेऊन आले आणि कापडाला हात लावून म्हणाले, "रंग जुळतो." जी छत्री त्यांनी मला कधी शाळेत न्यायला दिली नाही, ती त्यांनी माझ्यासमोर कापली. मी भगदाडाला छत्रीचं ठिगळ लावलं. घाईत टाके कोंबडीच्या पावलांसारखे पडले.

तेवढ्यात ताईंचा फोन.

"कोट आले का रे?"

"आले ताई."

"कसे झालेत?"

"समोरून फार छान झालेत."

"आणि मागून?"

बाबा माझ्याकडे बघत होते. आई देवाकडे. मी म्हणालो, "मागून... नेहमीसारखे."

दुसऱ्या दिवशी सकाळी रानात पंच तयार झाले. सगळे अमरावतीचेच हौशी नाटकवाले होते, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. त्यांनी रंगभूमीवर याहून वाईट घातलेलं होतं. ताई आल्या, समोरून चालत गेल्या, खूश झाल्या. मग वळसा घालून मागे गेल्या.

 वाऱ्याने वीस गोंडे हलत होते.

"गजानन," ताई म्हणाल्या, "या काय आहेत?"

"टेल, ताई."

ताई कपड्यांच्या पेटीवर बसल्या. त्यांनी स्कार्फ तोंडावर ओढून घेतला आणि त्यांचे खांदे हलू लागले. त्या रडत होत्या की काय, हे मी अजून विचारलेलं नाही. तोवर सर आले. समोरून पंच पाहून म्हणाले, "वा शर्वरी, पहिल्यांदा काहीतरी जमलंय तुला." आणि त्याच क्षणी एक पंच पाणी प्यायला वळला.

सर बघत राहिले. "कोणी केलं हे?"

"सर, चूक माझी आहे," ताई उठून म्हणाल्या. "मागची बाजू मी तपासली नाही."

पुण्याची बाई माझ्यासाठी मान पुढे करत होती. मला राहवलं नाही. "सर, ताईंची नाही. मी सांगितल्या शेपट्या. दोन-दोन मीच सांगितल्या. काढायचं तर मला काढा."

सर काही बोलणार, तेवढ्यात मागून हाक आली, "गजू!" पाहतो तर मामा आणि मामी. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात डबा. पहिल्या बसने निघून आले होते, शेपट्यांचं शूटिंग बघायला. मामा सरळ सरांसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"साहेब, कशा झाल्या?"

सरांनी मामांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझं तोंड त्या वेळी कसं होतं मला माहीत नाही, पण सरांनी बोलायला उघडलेलं तोंड मिटलं.

"तुम्ही शिवल्या?"

"हो साहेब. कापूस कमी घातला नाई."

सरांनी डोळ्यांवर हात धरून उन्हाकडे पाहिलं. दहा वाजले होते आणि रान तव्यासारखं तापलं होतं. "ऐका सगळे," ते म्हणाले. "कॅमेरा समोर. कोणी वळायचं नाही. या ग्रहावर दुसऱ्याला पाठ दाखवणं म्हणजे अपमान. पंच पुढे चालत येतील आणि जाताना उलटे चालत जातील." मग हळूच ताईंना म्हणाले, "वाचलीस."

मामा कॅमेऱ्याशेजारी उभे राहिले. पंच आले, बोलले, उलटे चालत गेले. पुन्हा आले, पुन्हा उलटे गेले. मामा मामींना सांगत होते, "आता वळतीन." अकरा वाजता म्हणाले, "शेवटी वळवत असतीन." बारा वाजता मामींना ऊन सोसेना. "जाऊ दे, टीव्हीवर पाहू," म्हणत दोघं अकोल्याच्या बसला निघाले. जाताना मामांनी मला डबा दिला आणि पाठीवर हात ठेवला. तो हात मला दिवसभर भाजत होता.

ते गेले आणि अकरावा पंच, जो एरवी बँकेत असतो, उन्हाने खाली बसला तो उठेना. त्याच्याच अंगावर छत्रीवाला कोट होता.

"त्या कपडेवाल्याला उभा करा," सर म्हणाले.

मी उभा राहिलो. पुढे चालत गेलो, मान लववली आणि दहा पंचांबरोबर उलटा चालू लागलो. आमच्या रानातली भेग बाहेरच्याला ओळखत नाही हे मला माहीत होतं. घरच्यालाही ओळखत नाही हे नव्हतं माहीत! पाय आत गेला, मी आडवा झालो, आणि घाबरून उठलो तो कॅमेऱ्याकडे पाठ करून. तसाच चालत निघून गेलो. सर मागून थकलेल्या आवाजात म्हणाले, "चालेल. पुन्हा घ्यायला आता कोणी शुद्धीवर नाही."

दोन महिन्यांनी तो भाग टीव्हीवर लागला. ताईंची नोकरी शाबूत होती, माझीही. फक्त ताई आता चित्र द्यायच्या आधी मागची बाजू काढून घेतात, आणि ती मला मोठ्याने वाचून दाखवतात.

आधी बाबांचा फोन आला. "छत्री बरी दिसली," एवढंच म्हणाले आणि ठेवला.

मग मामांचा. त्यांनी दुकानातला टीव्ही बाहेर काढून सगळ्या गल्लीला दाखवला होता. मी त्यांना बोलूच दिलं नाही. "मामा, शेपट्या दिसल्या नाहीत, माफ करा, ते सर म्हणाले की—"

"ते जाऊ दे. मोठे लोक हायेत, काय दाखवाचं ते त्याइचं त्याइले समजते." मामांचा आवाज पडलेला होता. "पन मले एक सांग, गजू. सगळ्या शिरेलीत एकच पाठ दिसली, तुही. अन् तिले शेपटी नाई. मी अकरा जणाइच्या शिवल्या होत्या. दहा जणाइले दोन-दोन भेटल्या. आपल्याच पोराले एकबी काहून नाई देल्ली?"

 खरं सांगायचं तर आता सांगायला हवं होतं.

पलीकडून मामींचा आवाज आला, "नववी नापास हाय म्हून नसन देल्ली."

"तसं हाय का रे?" मामांनी विचारलं.

"हो मामा," मी म्हणालो. "शेपटीले दहावी पास लागते."